नाचणारे गाव, बघणारे जग

दोन ठोके. ड्रमवाल्याने लाकडी ठोकळ्यावर काठीने दोन ठोके दिले, त्यापाठोपाठ पियानोचा भरीव आघात झाला आणि सभागृहातली माणसे एकदम हलली. फिडल, लाकडी बासरी, बटणांचे अॅकॉर्डियन, बॅंजो सगळे एकाच वेळी, एकच धून वाजवू लागले. समोर चार-चार जोड्यांचे चौकोन मांडलेले. टाचांचा आणि चवड्यांचा आवाज लाकडी जमिनीवर असा उठत होता की ड्रमवाला नसता तरी चालले असते. मी भिंतीला पाठ लावून वही-पेन घेऊन उभा होतो. ते फार काळ टिकले नाही. एका चौकोनात एक माणूस कमी पडत होता. सत्तरीच्या एका बाईंनी माझ्या हातातले पेन काढून खिडकीत ठेवले आणि मला ओढून आत उभे केले. पुढच्या दहा मिनिटांत मी किमान आठ वेळा चुकलो. एकदाही कोणी हसले नाही. फक्त खांद्याला धरून मला योग्य दिशेला वळवत राहिले.

हे गाव मिलटाउन मालबे, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर परगण्यातले. विली क्लॅन्सी हा या गावचा नामवंत पाइपवादक १९७३ च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून त्याच्या नावाने येथे संगीताची शाळा भरते. जुलैच्या सुरुवातीचा एक आठवडा. त्या संध्याकाळी परतताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. त्या सभागृहात बघणारा कोणी नव्हता. जो होता, त्यालाही आत ओढले गेले होते.

आयरिश नृत्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र येते. रंगमंचावर एका रांगेत उभे असलेले तरुण-तरुणी, हात शरीराला चिकटलेले, पाय मात्र विजेसारखे. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनमध्ये झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ची काही मिनिटे सादर झाली, पुढच्या वर्षी त्याचा पूर्ण प्रयोग झाला आणि मग तो जगभर फिरला. त्याने आयरिश नृत्याला कीर्ती, पैसा व तिकीटबारी मिळवून दिली. परंतु ते बघण्याचे नृत्य होते. जे मी मिलटाउन मालबेत पाहिले, किंवा पाहू दिले गेले नाही, ते करण्याचे नृत्य होते. परंपरेचे पुनरुज्जीवन हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्यात नेमके काय जिवंत करायचे असते: नाच, की नाचणारे गाव? आयर्लंडचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव या प्रश्नावर बरेच काही शिकवून जातो.

चुलीपुढची फरशी

प्रथम या नृत्याचे कुळ पाहू. चार जोड्यांच्या चौकोनाला ‘सेट’ म्हणतात. हा सेट मुळात फ्रेंच क्वाड्रिलचा वंशज. नेपोलियनच्या युद्धांनंतर, म्हणजे १८१५ च्या सुमारास, परतणारे सैनिक आणि गावोगाव फिरणारे नृत्यशिक्षक यांच्यामार्फत तो आयर्लंडच्या खेड्यांत पोचला. तेथे त्याचे पॅरिसच्या दिवाणखान्यातले मंद पदन्यास गळून पडले. त्यांच्या जागी स्थानिक ‘रील’, ‘जिग’ आणि ‘पोल्का’ यांचा वेग आला. प्रत्येक तालुक्याने त्याला आपला रंग दिला. क्लेअरचा कॅलेडोनियन सेट वेगळा, कॉनेमाराचा वेगळा. कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवरच्या स्लीव्ह लुआख्रा या डोंगराळ टापूत तर पोल्काचेच राज्य.

हा नाच होई तो शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात. एक फिडलवाला किंवा एक बासरीवाला कोपऱ्यात बसला की पुरे. चुलीपुढच्या दगडी फरशीखाली घोड्याची कवटी पुरून ठेवण्याची चाल काही भागांत होती. का, तर वर पाय आपटला की फरशी घुमली पाहिजे. उन्हाळ्यात हाच नाच गावाबाहेर, रस्ते मिळतात त्या ठिकाणी होई. आपल्याकडे एखादी गोष्ट चव्हाट्यावर आली की ती लाजिरवाणी ठरते. आयरिश खेड्यात रविवारच्या दुपारी सगळे तरुण चव्हाट्यावरच असत.

देशी कोण, परदेशी कोण?

१८९३ साली डब्लिनमध्ये गेलिक लीगची स्थापना झाली. त्याच वर्षी टिळकांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याचा उद्योग आरंभला हा योगायोग असला, तरी काळाची हवा एकच होती. पुढे १९१६ मध्ये टिळकांनी आपल्या संघटनेला ‘होमरूल लीग’ हे आयर्लंडच्याच राजकारणातून आलेले नाव दिले. साम्राज्याखालच्या समाजाला आपलेपणाच्या खुणा हव्या असतात. गेलिक लीगला भाषा हवी होती आणि भाषेबरोबर नाचही हवा होता.

मात्र यातली गंमत अशी की लीगचा पहिला ‘केली’ झाला तो आयर्लंडमध्ये नव्हे, तर लंडनच्या ब्लूम्सबरी भागात, ऑक्टोबर १८९७ मध्ये. (मराठी वाचकाने या ‘केली’ला क्रियापद समजू नये. या आयरिश शब्दाचा मूळ अर्थ संध्याकाळी शेजाऱ्याकडे गप्पा मारायला जाणे.) लंडनमधील स्कॉटिश मंडळींच्या अशाच संध्याकाळींचा नमुना आयोजकांच्या डोळ्यांपुढे होता. तेथून पुढे ‘वॉल्स ऑफ लिमरिक’, ‘सीज ऑफ एनिस’ असे समूहनाच ‘खरे आयरिश’ म्हणून मान्यता पावले. त्यांचे नियम ठरले, पुस्तके निघाली. उलट, खेड्यातला शेतकरी तीन-चार पिढ्या जे नाचत आला होता तो सेट परदेशी ठरला, कारण त्याची आजी फ्रेंच होती. शहरी, सुशिक्षित राष्ट्रवाद्याने शेतकऱ्याला सांगितले की तुझे पाय आयरिश नाहीत.

या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच आयरिश भाषा आणि संगीत यांना शहरात प्रतिष्ठा मिळाली. पण परंपरेचे रक्षण करायला निघालेला माणूस अनेकदा परंपरेच्या हयात मालकालाच घराबाहेर काढतो. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला परदेशी म्हणून बाहेर ठेवले तेव्हा आपल्याकडे याहून काय वेगळे घडले?

नाचायला परवाना

त्यानंतर आला धर्म. ऑक्टोबर १९२५ मध्ये आयर्लंडच्या कॅथलिक बिशपांनी मेनूथ येथे एक निवेदन काढले आणि ते चर्चमधून वाचून दाखवण्याची व्यवस्था झाली. त्यांचा रोख प्रामुख्याने परदेशातून आलेल्या नव्या नाचांवर होता. आयरिश नृत्यांविषयी त्यांनी चार बरे शब्दही काढले होते. परंतु रात्री उशिरापर्यंत, वडीलधाऱ्यांच्या नजरेआड तरुण-तरुणी एकत्र येतात, हे त्यांच्या मते खरे दुखणे होते. नाच हे निमित्त होते.

नाचाच्या सभागृहाला राजकीय धारही होती. लीट्रिम परगण्यातील जिमी ग्रॅल्टन याने आपल्या गावी एक सभागृह बांधले. तेथे वर्ग चालत, सभा होत आणि नाचही होत. तो साम्यवादी होता. धर्मगुरूंनी त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली आणि ऑगस्ट १९३३ मध्ये सरकारने आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व असल्याच्या कारणाखाली देशाबाहेर घालवले. तो १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, ती २०१६ साली.

१९३५ मध्ये सार्वजनिक नृत्यगृह कायदा झाला. सार्वजनिक नाचासाठी जिल्हा न्यायालयाचा परवाना आवश्यक ठरला. अर्जदाराचे चारित्र्य, जागेची योग्यता, येणाऱ्यांचे वय हे सारे न्यायाधीशाने पाहायचे होते. घरातला खाजगी नाच या कायद्याच्या कक्षेत येतो की नाही याचा अर्थ संदिग्ध होता. पण खेड्यातला शिपाई आणि खेड्यातला पाद्री कायद्याची कलमे चाळत बसत नाहीत. स्वयंपाकघरातले नाच बंद पडू लागले. १९०८ साली जन्मलेला क्लेअरचा फिडलवादक ज्युनियर क्रीहन हा कायदा आयुष्यभर विसरला नाही. आमच्या शाळाच या कायद्याने बंद केल्या, अशी त्याची तक्रार होती. ती अक्षरशः खरी आहे. मुलगा फिडल शिके तो वर्गात नव्हे, तर शेजाऱ्याच्या घरी, नाचणाऱ्यांचे पाय पाहत.

कायदा करणारे सरकार होते डी व्हॅलेरांचे. १९४३ च्या सेंट पॅट्रिक दिनी त्यांनी आकाशवाणीवरून आपल्या स्वप्नातल्या आयर्लंडचे जे वर्णन केले, ते तेथे अजून चेष्टेने सांगितले जाते: चव्हाट्यावर नाचणाऱ्या सुंदर तरुणी! प्रत्यक्षात त्या भाषणात चव्हाट्यावरचा नाच नाहीच. लोकांनी तो मागाहून त्यांच्या तोंडी घातला. ज्यांच्या सरकारच्या कायद्याने चव्हाटे ओस पडले, त्यांच्याच नावावर चव्हाट्यावरचा नाच जमा व्हावा, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा.

बंदीच्या पोटी जन्मलेला बॅंड

आता येथे एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. नाच मेला नाही. त्याची जागा बदलली. परवाना मिळे तो बहुधा गावच्या चर्चच्या सभागृहाला. पाद्रीबुवा दाराशी उभे, तिकिटाचे पैसे चर्चच्या डागडुजीला. स्वयंपाकघरात वीस माणसे असत, येथे दोनशे आली. दोनशे जोडी बुटांच्या आवाजात एकटा फिडलवाला ऐकू कसा येणार? ध्वनिवर्धकांची सोय जेमतेम. मग चार फिडल, तीन बासऱ्या, दोन अॅकॉर्डियन, मागे पियानो आणि ड्रम असा ताफा उभा राहिला. हाच ‘केली बॅंड’.

हे नाव त्याआधीही, १९१८ साली लंडनमध्ये फ्रॅंक ली याने आपल्या तारा बॅंडसाठी वापरले होते. क्लेअरचा किलफेनोरा बॅंड आपली परंपरा १९०९ पर्यंत मागे नेतो. परंतु या बॅंडांचे जोमाचे दिवस आले ते सभागृहांच्या काळात. १ जानेवारी १९२६ रोजी आयरिश नभोवाणी सुरू झाली होती. तिला असा संच हवाच होता. १९५१ मध्ये मुलिंगार येथे ‘कोल्तस केओल्तोरी एरन’ ही पारंपरिक संगीताची संस्था स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक स्पर्धांत बॅंडांच्या चुरशीला उधाण आले. किलफेनोराने १९५४, ५५ आणि ५६ असे लागोपाठ तीन वर्षे अजिंक्यपद घेतले. १९५७ मध्ये शेजारच्याच टुल्ला बॅंडने ते खेचून नेले. एकाच परगण्यातल्या दोन गावांची ही ईर्षा क्लेअरमध्ये आजही चवीने सांगितली जाते.

या संगीताला उच्चभ्रू टीकाही सोसावी लागली. संगीतकार शॉन ओ रीआदा यांनी १९६२ च्या नभोवाणी मालिकेत केली बॅंडवर घणाघाती हल्ला चढवला. सगळ्यांनी सर्वकाळ एकच धून वाजवायची, यात संगीत कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता; बरणीत अडकलेल्या माशीच्या गुणगुणण्याशी त्यांनी त्याची तुलना केली. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांनी स्वतः उभ्या केलेल्या वादकसंचातूनच पुढे ‘चीफटन्स’ निघाले आणि आयरिश संगीत जगाच्या मंचावर गेले. परंतु केली बॅंड ऐकण्यासाठी नव्हताच. चोवीस चौकोनांतल्या माणसांचे पाय एका लयीत ठेवणे हे त्याचे काम. बैलगाडीला ती विमान नाही म्हणून नावे ठेवण्यात काय हशील?

बॅंडला खरा मार बसला तो टीकेचा नव्हे. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांवर येऊन ठेपली. जी मागे राहिली त्या तरुणाईला विजेच्या गिटारी आणि चकचकीत कोट घातलेले ‘शोबॅंड’ हवे होते. मोठमोठी नृत्यगृहे उभी राहिली. त्यांतल्या काहींचे मालक अल्बर्ट रेनॉल्ड्स पुढे देशाचे पंतप्रधान झाले. सत्तरीच्या दशकात सेट नाचणे हे म्हाताऱ्यांचे, मागासलेल्या खेडवळांचे लक्षण समजले जाऊ लागले.

शिक्षक गावोगाव हिंडला

मग पुनरुज्जीवन घडवले कोणी? सरकारने नाही, रंगमंचाने तर मुळीच नाही. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन या खेळांच्या संघटनेने हिवाळ्यात खेळाडूंना एकत्र ठेवण्यासाठी १९६९ मध्ये ‘स्कोर’ नावाची कलास्पर्धा सुरू केली, आणि तिच्यात पुढे सेट नृत्याचा समावेश झाला. गावच्या क्लबची अस्मिता जोडली गेल्यावर तरुण मुले आजोबांकडे जाऊन पायांची चाल विचारू लागली. १९८२ पासून विली क्लॅन्सी शाळेत सेटचे वर्ग सुरू झाले; कॉर्कचे जो ओडोनोव्हन आणि त्यांच्या पत्नी शिकवीत. टिपररी परगण्यातील कॉनी रायन हा दुसरा मोठा माणूस. गाडी काढायची, एखाद्या आडगावी जायचे, तेथल्या वृद्धांकडून विस्मरणात चाललेला सेट उतरवून घ्यायचा आणि तो पुढच्या गावी शिकवायचा. १९९७ मध्ये तो वारला, तोवर त्याने कित्येक हजारांना नाचते केले होते. पॅट मर्फी यांनी असे सेट पुस्तकांत संकलित केले.

गेलिक लीगने नियम वरून खाली पाठवले होते. ऐंशीच्या दशकातल्या शिक्षकांनी खालून गोळा केले. एकेकाळी परदेशी ठरवलेला सेटच त्यातून देशाचा लाडका झाला. परंपरेचा दाखला जन्मपत्रिकेवरून नव्हे, तर वापरावरून मिळतो हे त्यात सिद्ध झाले.

अर्थात, या यशालाही एक किंमत आहे. तालुक्यातालुक्यांत जी तफावत होती ती कार्यशाळांनी झिजवली. आता कॉनेमारा सेट डब्लिनपासून टोकियोपर्यंत सारख्याच पद्धतीने नाचला जातो. ज्या गावचा तो सेट, त्या गावची एखादी वृद्धा कधीकधी पुस्तकाप्रमाणे चुकते! पण सगळे विसरून जाण्यापेक्षा सारखे होणे परवडले, असे मी म्हणेन.

मंगळवारची संध्याकाळ

आजचा प्रश्न निराळा आहे, आणि तो कलेचा कमी व गणिताचा जास्त आहे. समजा, एका सभागृहात शंभर माणसे आली आणि प्रत्येकाने दहा युरो दिले. हजार युरो जमले. त्यातून सभागृहाचे भाडे, कोणी घसरून पडला तर म्हणून उतरवलेला विमा आणि मध्यंतराचा चहा-पाव वजा करा. उरले ते दहा वादकांत वाटा. दूरच्या गावाहून येणाऱ्यांचे पेट्रोलही सुटायचे नाही. परिणाम उघड आहे. दहाचा बॅंड चौघांवर आला, चौघांचा दोघांवर. पियानो आणि ड्रमचे काम एक विद्युत पेटी करू लागली. साप्ताहिक वर्गांत तर ध्वनिमुद्रिकेवरच भागवले जाते. तबकडी थकत नाही हे खरे, पण ती नाचणाऱ्यांकडे बघतही नाही. सभागृह दमले की वेग किंचित सैल करायचा, रंगात आले की चढवायचा, हे जिवंत बॅंडलाच जमते.

दुसरे गणित वयाचे आणि रस्त्याचे. ऐंशीच्या दशकात जे तिशीत होते, ते आता सत्तरीत आहेत. खेड्यातली दारूची दुकाने, ज्यांच्या मागच्या खोलीत सेट रंगत, एकेक करून मिटत आहेत. २०११ मध्ये वाहनचालकांसाठी मद्याची मर्यादा कमी झाली, २०१८ मध्ये शिक्षा कडक झाली. त्याबद्दल तक्रार करणे चुकीचे ठरेल. त्या रस्त्यांवर माणसे मरत होती. पण रात्री परत नेणारी बस नसेल, तर एकटा राहणारा वृद्ध घरीच बसतो. मार्च २०२० मध्ये करोनाने सभागृहांना कुलूप लावले. हात हातात घेतल्याशिवाय न होणारा हा नाच सर्वांत आधी थांबला आणि सर्वांत शेवटी सुरू झाला.

सरकार काहीच करत नाही असे नाही. २००३ च्या कला कायद्यात पारंपरिक कलांचा स्पष्ट उल्लेख आला. २०२२ मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारी प्रायोगिक योजना सुरू झाली. त्याच वर्षी मद्यविक्रीच्या कायद्यांच्या फेररचनेचा आराखडा निघाला आणि त्यात १९३५ चा नृत्यगृह कायदा रद्द करण्याची तरतूद होती. सिंधुदुर्गातील वराड हे ज्यांच्या वडिलांचे गाव, ते लिओ वराडकर तेव्हा उपपंतप्रधान होते. मात्र त्या आराखड्यामागची निकड होती शहरांतल्या रात्रीच्या क्लबांची. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातून जे गेले, त्याची आठवण त्या चर्चेत क्वचितच निघाली.

मदत मिळते ती कलावंताला. पण या परंपरेत कलावंत आणि प्रेक्षक असे दोन पक्षच नाहीत. म्हणून अनुदान द्यायचे तर ते महोत्सवाऐवजी मंगळवारच्या संध्याकाळला द्यावे, असे माझे मत आहे. सभागृहाचे भाडे, विम्याचा हप्ता, परतीची बस आणि महिन्यातून एकदा जिवंत बॅंड: एवढ्या चार गोष्टींची तजवीज झाली तर बाकीचे लोक पाहून घेतील. उत्सव परंपरेची जाहिरात करतो. परंपरा टिकते ती आठवड्याच्या मधल्या, पावसाळी, कोणीही छायाचित्र काढत नाही अशा संध्याकाळी.

त्या रात्री शेवटचा सेट संपल्यावर सर्वजण राष्ट्रगीतासाठी उभे राहिले, मग खुर्च्या आवरल्या गेल्या. बाईंनी खिडकीतले पेन मला परत आणून दिले आणि उद्या सकाळी दहाला वर्ग आहे, वेळेवर या, एवढेच बजावले. वहीत मी त्या संध्याकाळबद्दल फक्त चार ओळी लिहिलेल्या निघाल्या. पायांना मात्र दुसऱ्या दिवशी सगळे आठवत होते.